बाबलचा सकाळचा फोटो

"सगळा गेला मा, वैनी!" बाबल म्हणाला आणि तापलेल्या तव्याला हात लागावा तसे त्याने दोन्ही हात संगणकावरून उचलले.

सून शुभा बाजूलाच उभी होती. तिच्या दुकानातल्या साऱ्या लग्नपत्रिका आणि बॅनर त्या एका संगणकात होते, आणि आमचे घर त्या दुकानावर चालते. संध्याकाळी एक पत्रिका छापायला जायची होती. आता आत काहीच नव्हते.

बाबल आमचा शेजारी. ओरोसच्या कचेरीत संगणकावर बसून निवृत्त झालेला. शुभाचा संगणक तोच सांभाळायचा. माणसांशी मालवणीत बोलायचा, संगणकाशी मात्र कचेरीतल्या मराठीत. "कृपया थांबावे," असे त्या पेटीला सांगायचा. बायकोला कधी कृपया म्हटलेले मी ऐकले नाही.

संगणकाला हात लावण्याआधी त्याचे दोन नेम. आधी देवाला गाऱ्हाणे: "बा देवा म्हाराजा, जा काय काम हातात घेतला हा, ता तडीस ने रे म्हाराजा!" आम्ही "व्हय म्हाराजा" म्हणायचे. मग फोटो. हा फोटो कागदावरचा नव्हे. त्या घटकेला संगणकात जे जसे असेल ते तसेच धरून ठेवायचे; पुढे बिघडले तर तिथवर मागे जायचे. "फुडे जाताना परतीची वाट दिसाक व्हयी," तो म्हणायचा.

पण परतीच्या वाटाच इतक्या झाल्या की संगणक भरला. त्या दुपारी तो जुने फोटो पुसायला बसला. गाऱ्हाण्याला रंग चढला, गावातला एक देव त्याने सोडला नाही. मग चहा आला. चहा पिऊन थेट कामाला लागला, फोटो राहिला, आणि जुन्या फोटोंऐवजी शुभाचे कामच पुसले गेले.

"देवांका सांगलंस, संगणकाक सांगूक इसारलंस!" मी म्हटले.

"वैनी, तुमी जरा गप रवा." मग तो ताडकन उठला. "सकाळचो आसा! दर सकाळी संगणक आपणच एक काढता. मीच तसा करून ठेवलंय."

पुन्हा ताठ बसून कळा दाबत त्याने सांगितले, "कृपया सकाळच्या स्थितीत यावे." आणि सगळे परत आले. शुभा रडली, हसली, आणि न बघताच पत्रिका छापायला पाठवली.

सकाळच्या पत्रिकेत नवऱ्यामुलाच्या आजोबांच्या नावाआधी चुकून "कै." पडले होते. शुभाने ते दुपारी काढले होते. संगणक मागे गेला, तसे आजोबाही गेले.

पत्रिका घरी पोचल्या आणि आजोबा काठी टेकत दुकानात आले. "गो शुभा, माका पोचवून इलंस कधी?"

बाबल म्हणाला, "आजोबानू, सकाळच्या फोटोत तुमी नव्हतास. दुपारी इलास."

आजोबांनी काठी उचलली. मग बाबल पायरीवर बसून एकेका पत्रिकेवरचे "कै." पेनाने खोडू लागला आणि आजोबा शेजारी बसून तपासू लागले. गिऱ्हाईक तुटले नाही.

त्यानंतर बाबल फोटोंची प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊ लागला. "होडयेतच दुसरी होडी बांधून काय उपेग? बुडतली तेवा दोनय बुडतली." ती डिस्क माझ्या तांदळाच्या डब्यात, खाऱ्या हवेपासून लांब.

पुढे त्याला छातीचे दुखणे लागले. इस्पितळात बघायला गेले तेव्हा म्हटले, "बरो होतंस तेवाचो फोटो काढून ठेवलंस मा?"

हसला. "इसारलंय, वैनी. गाऱ्हाण्यातच येळ गेलो."

त्याच दुखण्यात तो गेला. डिस्क तांदळात आहे. आजोबा अजून जिवंत आहेत.