फेब्रुवारी भरलाय!

मिनेसोटातल्या एका मेडिकल कॉलेजात वर्ना लिंडक्विस्टबाई एकवीस वर्षं मुलाखतींच्या तारखा देत होत्या. मुलाखती सप्टेंबरपासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत चालत आणि होतील तशा जागा वाटल्या जात. फेब्रुवारीत येणाऱ्यांच्या वाट्याला बहुधा प्रतीक्षायादीच येई. पण हे उघड सांगायची बाईंना परवानगी नव्हती.

"तयारीला वेळ हवाय, फेब्रुवारीतली तारीख द्या ना," टेसा नावाच्या मुलीने फोनवर विनवलं.

"फेब्रुवारी भरलाय गं पोरी," रिकाम्या कॅलेंडरकडे बघत बाई बिनदिक्कत म्हणाल्या. "सात ऑक्टोबरला ये."

टेसा कुरकुरत आली, अडखळत बोलली आणि निवडली गेली.

पुढे डीनसाहेबांनी विचारलं, "वर्नाबाई, यंदा फेब्रुवारीत दोनच उमेदवार कसे?"

"बर्फाला घाबरतात हो पोरं," बाई म्हणाल्या आणि साहेबांच्या कपात कॉफी ओतू लागल्या.