मोंबासाला गेलेली आमची चवळी

आमच्या चवळीचा मला अजून माज आहे, आणि तो मी लपवत नाही. आमच्या घरातलं परदेशी पहिलं कोण गेलं, असं कुणी विचारलं तर मी चवळीच सांगते.

मी तेव्हा नवी सून. आमचा जिल्हा अजून रत्नागिरीच होता. वेंगुर्ल्याच्या व्यापाऱ्यांनी संघ काढला होता. आफ्रिकेत मोंबासाला प्रदर्शन भरणार होतं. तिथे आपली कडधान्यं मांडायची, शिजवून लोकांना खायला घालायची आणि तिकडच्या बाजारात आपला माल बसवायचा, असा त्यांचा बेत. नमुने गावोगावचे मागवले, पण चवळी एकाच घरची जाणार होती. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हट्टच धरला, जाईल तर आमचीच. खरं तर चवळी सासूबाईंची. पेरणीपासून झोडणीपर्यंत सगळं त्या बघत, मामंजी बाजारात मिशीला पीळ भरत.

आमच्याकडे चवळी राखेत घोळवून ठेवतात, म्हणजे कीड लागत नाही. मामंजी म्हणाले, परक्या लोकांपुढे राख न्यायची काय, धुऊन काढा. फडक्याने पुसूया, पाणी लावू नये, असं सासूबाईंनी परोपरीने सांगितलं. पण ऐकतील तर ते मामंजी कसले! चवळी धुतली, अर्धा दिवस उन्हात टाकली नि गोणीत भरली. दोन दिवसांनी बैलगाडीतून वेंगुर्ल्याला नेली. सासूबाई हट्टाने बरोबर आल्या, सोबतीला मी.

संघाच्या कचेरीत मोंबासाचा एक पेढीवाला माल निवडायला बसला होता. गोणीचं तोंड सोडलं, तर आत हे पांढरे मोड! आपली चवळी घेऊन आलेले बांद्याचे व्यापारी गालात हसले. संघाचे चिटणीस म्हणाले, हा माल बोटीवर चढायचा नाही. मामंजी सगळ्यांदेखत सासूबाईंवरच उखडले, बायकांच्या हाती काम दिलं की असंच व्हायचं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. धुवायला कुणी लावली, हे अगदी ओठांवर आलं होतं. सासूबाईंनी माझा हात दाबला आणि मूठभर मोड घेऊन त्या सरळ पेढीवाल्यासमोर गेल्या.

"मेलल्या दाण्याक मोड येनत नाय," त्या म्हणाल्या. "ह्यो दाणो जितो आसा. घराकडे सुको माल आसा, राखेतलो. तो न्हेवा."

पेढीवाल्याने एक दाणा दाताखाली फोडला. मोंबासाला पोचते ती गोदामातली जुनी, किडकी चवळी, तिला मोड कधी येतच नाहीत, असं तो म्हणाला. राखेसकट पाठवा, आम्ही मांडवात रोज भिजत घालू आणि लोकांना मोडच दाखवू. आमची चवळी ठरली!

चिटणिसांनी टाक उचलला. गोणीवर मालधन्याचं नाव काय घालायचं, त्यांनी विचारलं. मामंजी दोन पावलं पुढे झाले. मग कचेरीतल्या शुद्ध मराठीत म्हणाले, "धुवायला मीच लावली होती. माल हिचा आहे."

"हिचा म्हणजे कुणाचा?"

आमच्यात नवऱ्यानेही बायकोचं नाव घ्यायची रीत नव्हती. उभा संसार त्यांनी "आयकलंस गो?" वर काढला होता. मामंजींनी घसा खाकरला आणि भरल्या कचेरीत सासूबाईंचं नाव घेतलं, पहिलं, मधलं, आडनावासकट. मघाशी कुणाला न घाबरलेल्या सासूबाई बाकावर मटकन बसल्या आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला.