माळावरची शीळ

दत्ताचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर वाळत घातलेली तुरीची डाळ हातानं सारखी करत होते. "आक्का, ये," एवढंच म्हणाला. सगळी नोकरी मी नर्स म्हणून केली, उमरग्यातच निवृत्त झाले. नातेवाइकाचा आवाज कधी कसा होतो, ते मला कुणी शिकवायला नको. तरी माणूस वेडं असतं. मी विचारलं, "प्लेटलेट किती झाल्या रे आज?" तर म्हणाला, "आता काय मोजायच्या, आक्का... तू ये." दत्ता माझा धाकटा भाऊ. रेणुका त्याची एकुलती एक लेक, तुळजापूरला कॉलेजात शेवटच्या वर्षाला. डेंग्यूचा ताप अंगावर काढला, सोलापूरला नेईपर्यंत फार उशीर झाला होता. मी सोलापूरची एसटी पकडली. खिडकीतून ट्रकमागून ट्रक जात होते आणि मी आपली मनात म्हणत होते, अगं पोरी, आत्याला दवाखान्यातलं सगळं कळतं म्हणून जगाला सांगत होतीस ना? मग आत्याला एक फोन का केला न्हाईस? अजून मी तिच्याशी भांडतेच आहे.

रेणूची आणि माझी गट्टी जमली ती माळामुळं. आमचं गाव तुळजापूरहून नळदुर्गकडं जाताना आत वळलं की लागतं. गावाच्या वरच्या अंगाला आमचा वडिलोपार्जित माळ आहे. मुरमाड, धोंड्यांचा, पावसाळा सोडला तर पिवळा पडलेला. लहानपणी मी तिथं शेळ्या राखायचे. शेळ्या लांब गेल्या की जिभेखाली दोन बोटं घालून शीळ घालायची, दोन आखूड आणि एक लांब, शेवटाला वर उचललेली. ती शीळ माझी होती, मीच बसवली होती. आईनं त्यापायी मला लई बदडलं. "पोरीच्या जातीनं शीळ घालू न्हाय, घरात लक्ष्मी टिकत न्हाय," म्हणायची. पुढं लग्न झालं, उमरग्याला आले, आणि नर्सबाई काय शीळ घालतात होय? सुटली ती सुटलीच. मग एका मे महिन्यात माहेरी आले, तेव्हा रेणू तिसरी-चौथीत असेल. पोरगी माळावर धोंडे उलटे करून विंचू बघत बसलेली! घरचे सगळे ओरडत होते. मी गेले आणि तिच्या शेजारी उकिडवी बसले. म्हटलं, "धोंडा उलटा केलास तर परत होता तसा ठेवायचा. त्याचं घर आहे ते." तिनं मान वर करून माझ्याकडं असं बघितलं, जणू या घरात तिला पहिल्यांदाच कुणीतरी शहाणं माणूस भेटलं होतं. संध्याकाळपर्यंत तिला मी शीळ शिकवली होती. थुंकी उडवत, गाल फुगवत, हसून हसून पोट दुखेपर्यंत... आणि शेवटी एकदाची वाजली. खालून आईचा आवाज आला, "अगं ए भवाने, पोरीला बी बिघडवलंस का?" बिघडवलं, म्हटलं, पार बिघडवलं.

तेव्हापासून माझी प्रत्येक माहेरची खेप माळावर जायची. माझी दोन्ही पोरं पुण्याला. त्यांना चंडोल काय न् चिमणी काय, सगळं सारखंच. रेणूला मात्र सगळं हवं असायचं. टिटवीनं उघड्या मुरमात घातलेली अंडी, जी पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. खोकडाचं, म्हणजे माळावरच्या बारक्या कोल्ह्याचं, बीळ आणि बिळाच्या तोंडाशी ऊन खात पडलेली त्याची पिल्लं. ती बघायला आम्ही दोघी बाभळीच्या तुटक्या सावलीत पालथ्या पडून राहायचो, आणि मी म्हणायचे, "अगं, माझे गुडघे बाद झाले, मला आता उचलून न्यावं लागंल." ती म्हणायची, "गप, आत्या, पिल्लू बघतंय." चारचौघांत मला ती 'तुम्ही' म्हणायची, आत्याबाईला शोभेल असं. माळावर गेलं की 'तू'. घरी परतलं की दोघींच्या कपड्यांना कुसळं, आणि शोभा, माझी भावजय, दारातच आडवी: "आधी ती कुसळं काढा, मगच घरात या." आम्ही ओट्यावर बसून एकमेकींची कुसळं काढायचो, माकडिणी बसतात तशा.

ती मोठी झाली तशी शीळही कामाला लागली. माळाच्या खाली दत्ताचं सोयाबीन. भाकरी आली की रेणू माळाच्या कडेला उभी राहून शीळ घालायची, दोन आखूड, एक लांब. खालून दत्ता पिकातून मान वर करून ओरडायचा, "आलो गं!" रोजचंच ते. गावातल्या लोकांनीही नावं ठेवून ठेवून शेवटी नाद सोडला होता.

मग चंडोलाचं वेड सुरू झालं. चंडोल म्हणजे मातीच्या रंगाचा, डोक्यावर तुरा असलेला लहानसा पक्षी. धोंड्यावर बसतो, आभाळात चढत चढत गातो आणि दुसऱ्या पाखरांच्या नकला करतो. टिटवीची करतो, घारीची करतो. आमच्या माळावर एक होता, ठरलेल्या धोंड्यावर बसणारा. रेणूनं ठरवलं, त्याला आपली शीळ शिकवायची. एका सकाळी तिचा फोन आला, धापा टाकत: "आत्या, त्याला आपली शीळ आली! आईशप्पथ!" मी म्हटलं, "ऐकव." तर ऐकवायला गेली आणि तो टिटवीसारखा ओरडला. पुढच्या खेपेला मी स्वतः गेले, अर्धा दिवस उन्हात बसले. चंडोलानं घार केली, होला केला, शेवटी शेजारच्या वस्तीवरच्या कोंबडीच्या पिल्लाचीसुद्धा नक्कल केली, पण शीळ काही नाही. मी तिला म्हटलं, "तुझ्या मनाचे खेळ हायेत हे, रेणू. पाखरू काय तुझं भाचं आहे का, शिकवल्यावर शिकायला?" ती चिडली नाही. हसत म्हणाली, "तू आलीस की लाजतंय ते. तुझीच शीळ आहे ना मूळची." त्यानंतर मी तिला 'चंडोलबाई' म्हणून किती छळलं! दर फोनला, "काय चंडोलबाई, तुमच्या शिष्याची परीक्षा झाली का?"

शेवटची भेट नागपंचमीची. माहेरी गेले, वारुळाला गेलो, झोक्यावर बसलो. दुपारी माळावर गेलो तेव्हा ती म्हणाली, "पप्पा माळ फोडणार. दसऱ्याला. द्राक्षाची बाग करायची म्हणत्यात." मग माझा हात धरला. "आत्या, तू सांग त्यांना. तुझं ऐकतात ते. चंडोल जमिनीवर घरटं करतो गं, तो कुठं जाणार?" मी तोंडानं फटकळ, हे सगळ्या भावकीला माहीत आहे. त्याच दिवशी जेवताना ताटावरच विषय काढला. दत्ता शांतपणे म्हणाला, "आक्का, पाखरं बघून संसार चालत न्हाय. बघू दसऱ्याला." रेणू अर्ध्या ताटावरून उठली. जाताना मी तिच्या कानात म्हटलं, "दसऱ्याला मी येते, बघतेच कसा फोडतो ते." माझं ते तिच्याशी झालेलं शेवटचं बोलणं.

दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. कावळे होते, चांगले पुष्कळ होते. बाभळीवर बसून बघत होते. पण एक खाली उतरेना. ऊन चढलं. "पोरीचं काहीतरी राहिलंय," कुणीतरी म्हणालं. मग एकेक जण पिंडासमोर जाऊन बोलायला लागला. शोभा म्हणाली, "बाई, तुझी पुस्तकं कुणाला देत न्हाय." तिचा मामा म्हणाला, "दर साली तुझ्या नावानं भवानीला जाईन." कावळे हलेनात. मला सगळं माहीत होतं आणि मला राहवेना. मी मोठ्यानं म्हटलं, "दत्ता, माळाचं बोल. माळ फोडत न्हाय म्हण."  दत्ता पिंडाकडं बघत राहिला.  शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. घरी परत येताना दत्ता माझ्या अंगावर आला. "त्या माळानंच नेली माझी पोर! रोज तिथंच उन्हापावसात हिंडायची. एक धोंडा ठेवणार न्हाय मी तिथं!" मी म्हटलं, "अरे, तिला डासानं नेलं, माळानं न्हाय." पण बापाला कोण समजावणार... त्याला कुणाचं तरी नाव हवं होतं.

मी काही दिवस तिथंच राहिले. रेणूची निळी सलवार दोरीवर तशीच होती, पायाशी कुसळं अडकलेली. शोभा रोज कपडे वाळत घालायची आणि तिला हात लावायची नाही. एका सकाळी मी एकटीच माळावर गेले. गवत ओलं होतं, कुणी म्हणता कुणी नव्हतं. आणि माझ्या पाठीमागून शीळ आली. दोन आखूड, एक लांब, शेवटाला वर उचललेली.

खोटं कशाला सांगू, मी नावानं हाक मारली, "रेणू?" मढी धुतलेली बाई मी, भुताखेताला कधी भ्याले नाही. पण तेव्हा मान वळवायची हिंमत होईना. वळवली, तर समोर धोंड्यावर चंडोल. तुरा उभारलेला. माझ्यादेखत त्यानं चोच उघडली आणि परत तीच शीळ घातली, आणि शेवटाला जो किंचितसा चिरका सूर निघतो, रेणूच्या पुढच्या दातात फट होती म्हणून निघायचा, तोसुद्धा तिचाच!  किती छळलं होतं मी पोरीला, मनाचे खेळ म्हणून. ती सगळा वेळ खरंच बोलत होती. तेव्हापासून एक भीती मनात बसली आहे. पोरगी जिवंत असती तर मला कौतुक वाटलं असतं. आता ती शीळ ऐकू आली की काळजात धस्स होतं, आणि ऐकू आली नाही की त्याहून वाईट होतं.

दत्ताला सांगितलं. म्हणाला, "आक्का, तुझं डोकं ठिकाणावर न्हाय. चार दिवस झोप." मी म्हटलं, चल माझ्याबरोबर. तो आला नाही. रेणू गेल्यापासून त्यानं माळाकडं पाठच केली होती. सोयाबीनलासुद्धा खालच्या वाटेनं जायचा.

घट उठले आणि मी उमरग्याहून पहिल्या गाडीनं निघाले. शब्द दिला होता. पोचले तर माळाच्या कडेला ट्रॅक्टर उभा, मागं नांगर लावलेला, आणि दत्ता तोंड फिरवून ड्रायव्हरला हातानं दाखवतोय, इथून तिथपर्यंत. मी सरळ ट्रॅक्टरसमोर जाऊन उभी राहिले. "आक्का, बाजूला हो." "न्हाय होत." "लोक हसतील गं." "हसू दे." ड्रायव्हर बिचारा, आमचं भाऊबहिणीचं भांडण ऐकू यावं की तेल वाचावं म्हणून, काय की, त्यानं इंजिन बंद केलं. आणि त्या शांततेत, वरच्या अंगानं, शीळ आली. दोन आखूड, एक लांब.

दत्ता माळाकडं पाठ करून उभा होता. तसाच, मागं न बघता, ओरडला, "आलो गं!"

रोजच्यासारखा ओरडला. भाकरी आली म्हणून ओरडावं तसा. मग त्याचा हात हवेत तसाच राहिला. ड्रायव्हरनं विचारलं, "कुणाला म्हणालात, मालक?" दत्ता हळूहळू वळला, वर बघितलं. चंडोलानं आणखी एकदा शीळ घातली, चिरक्या शेवटासकट. माझा भाऊ वडील वारले तेव्हा रडला नव्हता, रेणूला उचललं तेव्हाही नाही. तो तिथं मुरमात बसला आणि गुडघ्यात डोकं घालून असा रडला, की मला त्याच्याजवळ जाववेना. मी ड्रायव्हरला खूण केली. तो नांगर उचलून खालच्या रानात गेला.

माळ आहे तसा आहे. गावात लोक म्हणतात, दत्तू पाखराचं ऐकून बाग करायचा थांबला. म्हणू देत. आता रोज दिवस कलला की तो माळाच्या कडेला जाऊन बसतो, आणि मला फोन लावतो. बोलत काहीच नाही. फोन नुसता हातात वर धरतो. मला उमरग्यात, स्वयंपाकघरात, वारा ऐकू येतो, लांबची टिटवी ऐकू येते, आणि कधीकधी ते. चंडोल किती वर्षं जगतो, हे मी कुणाला विचारलेलं नाही. मला माहीत करून घ्यायचं नाही. परवा बराच वेळ नुसता वारा होता. मग दत्ताचा आवाज आला, अगदी बारीक: "आज बोलला न्हाय, आक्का."

मी गॅस बारीक केला. हात पदराला पुसले, जिभेखाली दोन बोटं घातली. लग्नानंतर स्वतःहून कधी घातली नव्हती मी शीळ, रेणूला शिकवताना तेवढी. आधी नुसतीच हवा गेली. मग वाजली... समोरच्या बाईनं खिडकीतून बघितलं, बघू दे.

पलीकडं वारा होता. मग दत्ता म्हणाला, "आलो गं," आणि फोन ठेवला.