लेकीचं औषध

दीड महिन्यापूर्वी सकाळीच भाचीचा, मनीषाचा फोन आला. आदल्या दिवशी दवाखान्यात तिच्या आबांचा ताप उतरलेला, तिच्या पीएचडीचा निकालही येऊ घातलेला. तिला बोलू न देताच मी ओरडलो, "अभिनंदन, डॉक्टरीणबाई!" ती म्हणाली, "मामा, आबा गेले."

अशा चुकांत माझा हात धरणारा आमच्या घरात कुणी नाही. पण ही लहान चूक. मोठी आधीच होऊन गेली होती.

दाजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, मनीषाचे आबा, कासार आंबोलीचे भातशेतकरी. शेजारी जमिनी विकून गाड्या घेत होते, तेव्हा यांनी लेकीला शिकायला बंगळूरला धाडलं. ती तिथं नेमकं काय करते, हे मात्र त्यांना कुणी धड सांगितलं नव्हतं. यंदा त्यांच्याच रक्तात खोट निघाली. डॉक्टर म्हणाले, हाडांतल्या मज्जेत कच्च्या पेशींचीच गर्दी झालीय, लगेच दाखल व्हा. त्या दुपारी आमच्या ओट्यावर दाजींनी विचारलं, "मेव्हणं, आमची मनी रक्ताचंच कायतरी करतीया न्हवं?"

झालं! गोष्ट सांगायची संधी मी सोडतोय होय? म्हटलं, "दाजी, कच्ची पेशी म्हणजे वाफ्यातला तरवा. रोपं लावणीला यायची सोडून नुसती दाटत जातात, कारण 'कच्चीच राहा' अशी चिठ्ठी आतून सुटत राहते. इवलासा आरएनए त्या चिठ्ठीवर जाऊन बसतो, तिला गप्प करतो. मग पेशी शहाणी होते, तांबडी नाहीतर पांढरी. मनीला असलाच एक सापडलाय!" इथवर बरं होतं... पण जीभ सुटली. "आता औषध झालंच म्हणा!"

दाजी किती दिवसांनी हसले. "मग परक्याच्या सुया कशापायी? लेकीचं औशिद यिऊ द्या. आन् आजाराचं तिला कळवू नगा, घाबरंल पोर." दुसऱ्याच दिवशी मी कबूल केलं, दाजी, जरा वाढवून बोललो. तर म्हणाले, "तुमची सवयच हाय ती. पर पोरगी खोटी न्हाई."

ते वाट बघत राहिले. दाखल केलं तेव्हा फार उशीर झाला होता. मनीषा धावत आली... परवा तिनं विचारलं, "मामा, आबा मला सारखे म्हणायचे, 'आणलंस का गं?' काय आणायचं होतं मी?"

तिला उत्तर म्हणून हे लिहिलं, आणि छापायला देण्याआधी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्या दुपारी मी आत चहा गाळत होते. तुम्ही वाढवताय, हे मला तेव्हाच कळलं होतं. पण दाजी हसत होते हो... म्हणून बाहेर आले नाही."