मुलाखतीच्या रांगेत

धाकट्या भावाला भेटायला पहिल्यांदा हर्सूल जेलच्या दारात गेलो, तेव्हा माझं तोंड बंदच होईना. भावानं काही केलेलं नाही, वकील फोन उचलत नाही, आईनं जेवण सोडलंय, हे सगळं मी मुलाखतीच्या रांगेतल्या अनोळखी माणसांना सांगत सुटलो. एकेक जण मान फिरवू लागला. या रांगेत कुणी कुणाला काही विचारत नाही आणि आपणहून काही सांगतही नाही, हे मला माहीत नव्हतं.

ऐकत होता फक्त गंगापूरकडचा एक म्हातारा. मांडीवर कपड्यांची पिशवी, डावा कान माझ्याकडं वळवलेला आणि मधूनच हलकंसं, "व्हय का?" मग दर आठवड्याला मी त्याच्याच शेजारी बसू लागलो.

पाचव्या खेपेला माझी मलाच लाज वाटली. म्हटलं, "बाबा, मी लई डोकं खातो तुमचं."

"बोला की दादा," तो म्हणाला. "आमच्या घरात बोलणारा एकच हाय, अन् त्यो आत हाय."

मी गप्प झालो. आता मी काहीतरी बोलेन म्हणून तो बराच वेळ थांबला. मग पिशवीच्या बंदाशी चाळा करत, खाली बघूनच म्हणाला, "लहानपणी त्यो झोपंत बी बोलायचा. एकदा काय झालं..."

तेवढ्यात त्याच्या नंबरचा पुकारा झाला.

पुढच्या आठवड्यात भावाला जामीन मिळाला. त्या रांगेत मी परत गेलो नाही. एकदा काय झालं, ते ऐकायचं राहूनच गेलं.