बोटुकलीची गाडी पेट्रोलवर

“म्याडम, गाडी उचलून नाई राहिली,” शालिकभाऊ म्हणाले.

तुमसर मागे पडलं होतं. बपेरा अजून बरंच पुढे होतं. त्यांचा पाय ॲक्सिलरेटरवर पूर्ण दाबलेला होता आणि वेगाचा काटा चाळीसच्या वर सरकायला तयार नव्हता. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला होता. तो दोन दिवसांपासून लागत होता, हे मला नंतर कळलं.

मागे पिकअपच्या हौद्यात साठ पिशव्या होत्या. प्रत्येक पिशवीत थोडं पाणी, वर फुगवून भरलेला ऑक्सिजन आणि आत बोटुकली. अंड्यातून नुकतं निघालेलं माशाचं पिल्लू जिऱ्याएवढं असतं, म्हणून त्याला मत्स्यजिरे म्हणतात. तेच वाढून बोटाएवढं झालं की बोटुकली. एकोडीजवळ एका मच्छीमार संस्थेचं मत्स्यबीज केंद्र आहे. तिथे मी प्रॉडक्शन इनचार्ज आहे. रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली तयार करायची आणि गावोगावच्या तलावांवर जिवंत पोचवायची, हे माझं काम. यातला ‘जिवंत’ हा शब्द सगळ्यात अवघड.

पिशवीतला ऑक्सिजन उन्हात फार टिकत नाही. दोन तासांचा रस्ता आम्हाला त्या दिवशी साडेचार तास लागला. बपेऱ्याच्या तलावावर पोचलो तेव्हा पाळीवर, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावर, बारा बाया उभ्या होत्या. त्यांच्या बचत गटाने मासे पाळायला पहिल्यांदाच तलाव घेतला होता. गटाच्या अध्यक्ष पुष्पाबाई. त्यांनी एक पिशवी उचलली, उजेडात धरली आणि खाली ठेवली. मग दुसरी. मग तिसरी. पांढरी पोटं वर आलेली. अर्ध्याहून जास्त बोटुकली मेली होती.

पुष्पाबाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“म्याडम, पंधरा दिवस आमी बेशरमाची झुडपं उपटली तलावातली,” त्या म्हणाल्या. “हाताले फोड आले. आता याच्यात काय सोडाचं?”

“दहा दिवसांत पुन्हा आणते,” मी म्हणाले. कशी आणणार, हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शालिकभाऊंसोबत मी साकोलीला वर्कशॉपमध्ये गेले. मिस्त्रीने गाडीला मशीन जोडलं, स्क्रीन पाहिली आणि मान हलवली.

“डीपीएफ चोक झाला.”

“म्हणजे?”

त्याने समजावून सांगितलं. नव्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत एक जाळी असते. ती काजळी अडवते, म्हणून मागून काळा धूर येत नाही. जाळीत साचलेली काजळी गाडी स्वतःच जाळून टाकते. पण त्यासाठी नळी चांगली तापावी लागते आणि ती तापायला गाडी बराच वेळ सलग, वेगात चालावी लागते. काजळी जळली नाही तर जाळी भरते. मग इंजिन स्वतःला वाचवायला ताकद कमी करतं. आमची गाडी चाळीसवर का अडकली, ते आता कळलं.

“रोज किती चालते गाडी?” मिस्त्रीने विचारलं.

“सात किलोमीटर जाते, थांबते. पाच जाते, थांबते. तलावावर पिशव्या उतरवतो, पुढे जातो,” मी म्हणाले.

“थांबली का इंजिन बंद?”

“लगेच,” शालिकभाऊ अभिमानाने म्हणाले.

मिस्त्री हसला. “ही गाडी लंब्या रूटची हाय, म्याडम. तुमी इले गल्लीत फिरवून राहिले.”

थांबलं की इंजिन बंद, हा नियम माझाच होता. पॅकिंग शेडजवळ ऑक्सिजनचे सिलिंडर असतात, म्हणून मी तो केला होता. शालिकभाऊंनी तो सगळीकडे पाळला. म्हणजे काजळी जळायला लागली की आम्ही ती विझवत होतो. रोज, दहा वेळा.

मिस्त्रीने जाळी साफ करून दिली. पाचव्या दिवशी दिवा परत लागला.

मी थेट संस्थेच्या अध्यक्षांकडे गेले. दिघोरेकाका सत्तरीचे. आयुष्यभर जाळं टाकलेला माणूस.

“काका, आपल्याला पेट्रोलची पिकअप पाहिजे.”

“पेट्रोलवर लोडगाडी?” ते खुर्चीत सरळ बसले. “पाळीवर चढन का ते?”

“चढेल.”

“ॲव्हरेज?”

“कमी पडेल.”

“मंग कायले घ्याची?”

“आपण डिझेलवर पैसे वाचवून मासे मारून राहिलो, काका. पेट्रोल गाडीला ती जाळीची भानगड नाही. थोडं चाला, थांबा, बंद करा, तिला चालतं.”

काका म्हणाले, “ट्रायल गाडी आणा. बपेऱ्याच्या पाळीवर भरल्या गाडीने चढून दाखवा. मी येतो संगं. चढली तं घेऊ. नाही चढली तं पुन्हा हा विषय नाही.”

भंडाऱ्याच्या डीलरने चार दिवसांसाठी डेमो गाडी दिली. पांढरी, नवी कोरी, पेट्रोल. ती केंद्राच्या फाटकातून आत आली तेव्हा मला लहान पोरीसारखा आनंद झाला होता. शालिकभाऊंना मात्र नाही. तीस वर्षं त्यांनी डिझेलच चालवलं. आधी ट्रॅक्टर, मग मेटाडोर, मग आमची पिकअप. त्यांनी चावी फिरवली. थोडं थांबले. पुन्हा फिरवली. कर्रर्र असा भयंकर आवाज आला.

“शालिकभाऊ, चालू आहे ती!”

“आवाजच नाई तं कसं समजाव?”

पहिल्या दिवशी हे सहा वेळा झालं.

खरी अडचण वेगळी होती. डिझेल इंजिनाची ओढण्याची ताकद, म्हणजे टॉर्क, कमी फेऱ्यांतच मिळते. गाडी हळू आवाजात गुरगुरत भार ओढते. पेट्रोल इंजिनाची ताकद वरच्या फेऱ्यांत असते. त्याला जोरात फिरवावं लागतं, आवाज चढू द्यावा लागतो. शालिकभाऊंच्या हाडात नेमकं उलटं भिनलं होतं. आवाज चढला की गिअर वर टाका. चढाव आला तरी दुसऱ्यातच काढा. इंजिनला त्रास देऊ नका.

मी पाण्याच्या कॅन भरून हौदा लादला आणि केंद्राच्या आवारात सराव सुरू केला. वहीत ग्राफ काढून दाखवला. आरपीएमच्या, म्हणजे इंजिनच्या फेऱ्या दाखवणाऱ्या मीटरवर लाल टेपची बारीक पट्टी चिकटवली. “काटा या पट्टीच्या खाली आला की गिअर खाली घ्यायचा.” शालिकभाऊ मान डोलवायचे. काटा पट्टीजवळ गेला की त्यांचा चेहरा दुखल्यासारखा व्हायचा आणि पाय आपोआप उचलला जायचा. गाडी हिसके द्यायची, बंद पडायची.

“म्याडम, ते वरडते,” ते म्हणाले. “मले वाटते फुटन.”

“फुटत नाही.”

“तुमी म्हणता.”

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घाबरले. सकाळी बपेऱ्याला निघायचं होतं. आदल्या दिवसापासून बोटुकली उपाशी ठेवली होती. पोट रिकामं असलं की पिशवीतलं पाणी घाण होत नाही. म्हणजे आता बेत रद्द करता येत नव्हता.

चौथ्या दिवशी उजाडताच साठ पिशव्या भरल्या. मधे मी, खिडकीशी दिघोरेकाका, स्टिअरिंगवर शालिकभाऊ. रस्त्यावर गाडी मस्त चालली. साकोली सोडली, तुमसर गाठलं, कुठे दिवा नाही, कुठे अडकणं नाही. मी दर दहा मिनिटांनी घड्याळ पाहत होते. आम्ही वेळेच्या पुढे होतो! काका खिडकीबाहेर पाहत म्हणाले, “सपाटीवर तं कोनतीही गाडी चालते.”

बपेऱ्याच्या वळणावर पुष्पाबाई स्कूटी घेऊन उभ्या होत्या. रस्ता दाखवायला त्या पुढे निघाल्या. तलावाशी आलो आणि पाळ समोर दिसली. मातीची, उंच, वर जाणारी वाट ओलसर. बायांनी त्यावर मुरूम टाकून ठेवला होता. गेल्या वेळची डिझेल गाडी ताकद कमी असूनही फरफटत चढली होती. आता ही.

शालिकभाऊंनी सवयीने दुसरा टाकला. अर्ध्यावर गाडी थरथरली आणि बंद पडली. मग मागे सरकायला लागली. “दगड! दगड लावा!” पुष्पाबाई ओरडल्या. दोघीतिघींनी मागच्या चाकांना दगड लावले. गाडी थांबली.

काका दार उघडून उतरले. “वजन कमी होईन,” असं म्हणाले आणि बाजूला जाऊन हात मागे बांधून उभे राहिले.

दुसऱ्या प्रयत्नाला पहिला गिअर. पण आवाज चढताच शालिकभाऊंचा पाय सुटला. पुन्हा बंद. त्यांच्या कपाळावर घाम. मी टेपकडे बोट दाखवत होते, ग्राफ समजावत होते, आणि माझाच आवाज चढत होता. मागे पिशव्यांवर ऊन आलं होतं. एका बाईने डोक्यावरून नेऊ म्हणून चुंबळसुद्धा केली.

तेवढ्यात पुष्पाबाई खिडकीशी आल्या.

“भाऊ, तुमच्याकडे मोटरसायकल हाय ना?”

“हाय.”

“मागं बायकोले आन पोत्याले घेऊन चढावर जाता तवा काय करता?”

“पिरगाळतो,” शालिकभाऊ म्हणाले आणि त्यांची उजवी मूठ हवेत आपोआप वळली.

“ते फुटते का?”

“नाई.”

“मंग हे बी पेट्रोलच हाय. पायाने पिरगाळा!”

शालिकभाऊंनी पुष्पाबाईंकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मला वाटतं, त्या चार दिवसांत पहिल्यांदाच त्यांना कोणीतरी त्यांच्या भाषेत काही सांगितलं होतं. त्यांनी पहिला टाकला आणि पाय दाबला. इंजिन किंचाळलं. काटा लाल पट्टीच्या खूप वर गेला. त्यांनी क्लच हळूहळू सोडला आणि या वेळी पाय उचलला नाही.

“पिरगाळा, भाऊ, पिरगाळा!” बाहेर बारा बाया एकदम ओरडत होत्या. मीही ओरडत होते. चाकांखालून मुरूम उडाला, गाडीचं तोंड आभाळाकडे झालं, दोन क्षण फक्त ढग दिसले आणि मग एकदम समोर सगळा तलाव! आम्ही वर होतो.

शालिकभाऊंनी हँडब्रेक ओढला. “लय वरडते,” ते म्हणाले, “पन वढते.” हसू त्यांच्या तोंडावर मावत नव्हतं.

बोटुकली लगेच ओतायची नसते. बंद पिशव्या आधी तलावात तरंगत ठेवायच्या. आतल्या आणि बाहेरच्या पाण्याचं तापमान सारखं व्हायला वीसेक मिनिटं लागतात, नाहीतर पिल्लांना झटका बसतो. ती वीस मिनिटं काही सरेनात. गुडघाभर पाण्यात उभी राहून मी एकेका पिशवीत डोकावत होते. मग पुष्पाबाईंनी पहिली पिशवी सोडली, तोंड पाण्यात तिरपं धरलं. क्षणभर काहीच नाही. आणि मग चांदीच्या सुया उधळल्यासारखी बोटुकली बाहेर पडली, वळली, खोल गेली. साठ पिशव्यांत मिळून मेलेली अकरा. मी दोनदा मोजली.

दिघोरेकाका धोतर वर खोचून पाण्यात आले होते. एक रिकामी पिशवी त्यांनी उलटी करून पाहिली.

“डीलरले फोन लावा,” ते म्हणाले.

त्या गोष्टीला आता दुसरा हंगाम होतोय. पेट्रोल जास्त लागतं, त्यावर मिटिंगमध्ये कुरकुर होते आणि ती खोटी नाही. पण रस्त्यात बीज मरणं जवळपास थांबलं आहे. जुनी डिझेल पिकअप साकोलीच्या एका भाजीवाल्याने घेतली. तो रोज भाजी भरून हायवेने नागपूरला जातो. मध्ये भेटला तेव्हा मी भीतभीतच विचारलं. तो म्हणाला, दिवा एकदाही लागला नाही, एवढी चांगली गाडी तुमी विकली काहून? गाडी चांगलीच होती. आमचं काम तिला मानवत नव्हतं, एवढंच.

आता दुसऱ्या केंद्रांचे फोन येतात. मॅडम, डिझेल घेऊ का पेट्रोल? मी आधी विचारते, तुमची गाडी दिवसातून किती वेळा बंद होते? बहुतेकांना सांगता येत नाही. मलाही आलं नसतं. तीन वर्षं मी ती गाडी ऑफिसात बसून सांभाळत होते, रजिस्टरवर सही करून. मग मी त्यांना सांगते, ब्रोशर नंतर वाचा. आधी आठ दिवस ड्रायव्हरच्या शेजारी बसा.