रंगनाथची धूळ

ऑक्सिजनचा मास्क तोंडावरून बाजूला सारून रंगनाथने मला शेवटचं जे विचारलं ते असं: "ह्याच्या आत जाळी कसली बसवत्यात रं?" मी म्हटलं, "गप पड." तेवढ्यात नर्स आली, तिने मास्क परत जागेवर बसवला आणि तो मीच काढला असावा अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं. दोन दिवसांनी सकाळी शोभावहिनींचा, त्याच्या बायकोचा, फोन आला. "भाऊजी, ते गेले. गाडी घिऊन या," एवढंच बोलल्या. आता सहा आठवडे होऊन गेले. शोकसभेत एका कारखानदाराने त्याला 'देशासाठी झिजलेला संशोधक' म्हटलं. हाच गृहस्थ रंगनाथच्या हयातीत त्याला 'धूळवाला' म्हणायचा, आणि तेही तोंडावर. माणूस गेला की सगळ्यांची जीभ गोड होते. माझी काही होत नाही, म्हणून लिहायला बसलो.

नेवाशाच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. मी मास्तर झालो आणि तीस वर्षं मास्तरच राहिलो. तो आयटीआय करून सुप्याच्या एमआयडीसीत गेला आणि पुढे तिथेच एका पत्र्याच्या शेडमध्ये मळणी यंत्राच्या जाळ्या बनवू लागला. एके दिवशी त्याने पेपरातली एक बातमी कापून आणली. सैन्याला लागणाऱ्या नव्या तंत्रज्ञानावर लहान उद्योजकांनी संशोधन करावं, सरकार अनुदान देईल, अशी योजना होती. सोबत अडचणींची यादी होती. त्यातली एक अशी की रणगाड्याच्या इंजिनात धूळ जाते, फिल्टर तुंबतो आणि वाळवंटात गाडी उभी राहते. रंगनाथ म्हणाला, "धूळ म्हंजी आपलंच खातं की!" अर्ज इंग्रजीत लिहायचा होता. तो मी लिहिला.

त्याची कल्पना साधी होती. आई सुपात बाजरी पाखडायची तसं इंजिनाच्या हादऱ्यांनीच धूळ बाहेर फेकायची, म्हणजे फिल्टर चालता चालता स्वतःच साफ होईल. पहिला टप्पा कागदावर मंजूर झाला. दुसऱ्यात त्याने नमुना बनवला. तिसऱ्यासाठी साहेब लोक येऊन चाचणी पाहणार होते, आणि ती पसंत पडली तर फिल्टर खऱ्या रणगाड्यावर बसणार होता. रंगनाथला आयुष्यात एवढंच पाहायचं होतं. घर, जमीन, मुलीचं लग्न, सगळं त्याच्या लेखी त्यानंतर.

तो साधुसंत नव्हता, हे सांगितलं पाहिजे. मनात डूख धरायचा. शेजारच्या शेडवाल्याने एकदा त्याच्या दारात भंगार टाकलं, तर हा एक शब्द बोलला नाही. रोज सकाळी त्यातला एक गंजका नट उचलून त्याच्या पायरीवर नेऊन ठेवायचा. चार महिने ठेवत होता. शेवटी तो शेडवालाच हात जोडून आला आणि उरलेलं भंगार उचलून घेऊन गेला. रंगनाथने त्याला चहा पाजला.

चाचणी एप्रिलमध्ये ठरली. शेडमागे मुरमाचा कच्चा रस्ता आहे. पुढे एक ट्रक धूळ उडवत जाणार आणि त्याच्या मागे फिल्टर बसवलेला जुना ट्रक, अशी योजना. आता माझी करणी ऐका. आमच्या शाळेत तपासणी असली की आदल्या दिवशी मैदानावर पाण्याचा सडा पडायचा. साहेबांच्या बुटांना धूळ लागता कामा नये! तीस वर्षं हेच केलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? दिल्लीहून तीन साहेब येणार म्हटल्यावर मी कुणालाही न विचारता टँकरवाल्याला गाठलं आणि पहाटे रस्त्यावर चार टँकर पाणी मारून घेतलं. रंगनाथला सकाळी आनंदाचा धक्का द्यायचा होता मला. धक्का बसला.

रस्ता शेणाने सारवल्यासारखा झाला होता. रंगनाथने वाकून बोटाने चिखल उकरून पाहिला आणि म्हणाला, "कोणी मारलं पानी?" मी म्हणालो, "एमआयडीसीनं मारलं असंल." इतकं खोटं मी उभ्या जन्मात बोललो नव्हतो, आणि ते किती सहज तोंडातून निघालं याचंच मला आजही नवल वाटतं. साहेब आले. पुढचा ट्रक गेला, पण धुळीचा कण उडाला नाही. ऊन चढेपर्यंत थांबू या म्हटलं, तर त्यांचं शिर्डीहून दुपारचं विमान होतं. तेव्हा रंगनाथने नमुना तपासायला शेडमध्ये आणून ठेवलेली दगडाच्या भुकटीची पोती ओढत आणली आणि ट्रकपुढे पळत पळत तो मुठीमुठीने धूळ उधळू लागला. साठीला टेकलेला माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला... एक साहेब नाकाला रुमाल लावून हसला. दुसरा सभ्य होता, तो म्हणाला की हातानं टाकलेली धूळ चालत नाही. अहवालात आलं ते असं, की आवश्यक परिस्थिती उपलब्ध नसल्याने चाचणी होऊ शकली नाही. धुळीच्या जिल्ह्यात धूळ उपलब्ध नाही! तिसरा टप्पा बारगळला.

नव्याने अर्ज करा, म्हणाले, आणि सोबत बारीक-जाड धुळीवर घेतलेली मापं जोडा. मग रंगनाथने शेडमध्ये एक कोंदट खोली बांधली. क्रशरवरची दगडाची भुकटी आणायची, ती मलमलच्या कापडातून चाळायची, पंख्याने उडवायची आणि इंजिन चालवायचं. चाळायचं काम त्याने मला दिलं. "रविवारी येत जा," म्हणाला. मी दोन वर्षं दर रविवारी गेलो. मन खात होतं ना! मी तोंडाला रुमाल बांधायचो. तो काही बांधायचा नाही, कारण फिल्टर कसा चाललाय हे नाकाला कळतं, असं त्याचं म्हणणं. शेजारी शेजारी बसून आम्ही पांढरेफटक व्हायचो, शाळेतल्या गोष्टी काढायचो. मला वाटायचं, आपली मैत्री इतकी छान पूर्वी कधी नव्हती. त्याला खोकला लागला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "क्रशरवर कामाला होता का?" रंगनाथ ताठ बसून म्हणाला, "न्हाई. डिफेन्सला." अर्ज दिल्लीत विचाराधीन होता, आजही आहे.

दहावा झाल्यावरच्या रविवारी मी सवयीने शेडवर गेलो. वहिनी आवराआवर करत होत्या. त्यांना एकटं पाहिलं आणि मला राहवलं नाही. "वहिनी, ते पाणी मी मारलं होतं."

"ठाव हाय," त्या म्हणाल्या. "त्यांनाबी ठाव हुतं. टँकरवाला दुसऱ्याच दिशी आल्ता, गुरुजींनी आनखी पानी मारायला सांगितलंय का म्हून इचारायला."

"मग मला बोलला का नाही तो?"

"मी बी तेच म्हनलं. तर म्हनले, बोलून काय व्हतंय? पानी त्यानं मारलं, आता धूळबी त्योच चाळंल. मी बास म्हनस्तवर चाळंल."

माझे ते सगळे रविवार... त्या गप्पा, ते हसणं. माझ्याही पायरीवर तो दर रविवारी एकेक नट ठेवत होता आणि मी त्याला मैत्री समजत होतो. राग आला, खरंच आला. मेलेल्या माणसाचा इतका राग मला कधी आला नव्हता. पण वहिनींचं बोलणं संपलं नव्हतं. हातातलं मलमलचं कापड त्यांनी जमिनीवर फेकलं आणि माझ्यावर ओरडल्या, "तुमाला शिक्षा द्यायची तर द्यायची हुती! सोता कशाला बसले शेजारी? बाहेर बसायचं ना! तुमी रुमाल बांधून बसला, आन् मेले ते!"

त्यांनी दाराला कुलूप घातलं आणि परत येऊ नका म्हणाल्या. मी जात नाही. रविवार आला की सकाळी उठून बूट घालतो, पायरीवर बसतो आणि थोड्या वेळाने बूट काढून ठेवतो. तो बास म्हणेल तेव्हाच मी थांबायचं, असं त्याने ठरवलं होतं. ते म्हणायच्या आतच त्याचा श्वास संपला.